लस घेतल्यावर काउंट ४१ वरून १३ वर आला. लशीमुळेच का?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत असतो, लिहायची वेळ कधी आली नाही. आज आलीय तीही अशा विषयावर की ओळखीतल्या कुणाला विचारायची सोय नाही.

लग्नाला ४ वर्षं झाली, गेलं दीड वर्ष मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू आहेत. ५ महिन्यांपूर्वी माझी पहिली वीर्य तपासणी झाली, काउंट (एका मिलीलिटर वीर्यातले शुक्राणू) ४१ मिलियन आला, डॉक्टर म्हणाल्या तुमचं ठीक आहे. मग सगळी धावपळ बायकोच्या तपासण्यांची. आता त्यांनी सहज म्हणून माझी परत करायला सांगितली आणि रिपोर्ट आला १३ मिलियन. मोटिलिटी, म्हणजे हलणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण, पण ५५ टक्क्यांवरून ३४. मधल्या काळात नवीन गोष्ट एकच झाली, ऑफिसच्या कॅम्पमध्ये फ्लूची लस घेतली, टेस्टच्या बरोबर ९ दिवस आधी.

भावाला सांगितलं तर त्याने लगेच दोन व्हिडिओ पाठवले, लशींनी पुरुषांचं बीज जळतं वगैरे. एरवी मी असलं काही उघडतही नाही पण हातात स्वतःचाच रिपोर्ट असला की माणूस बघतो हो. त्यात डॉक्टर म्हणतायत आता दोघांनी एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) घ्या, बायकोला रुबेलाची इम्युनिटी नाहीये आणि मला लहानपणी गालगुंड झाले होते का हे आईला आठवत नाही. आता मी परत दंड पुढे करू का नको? कृपया "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका. विचारलंय. त्या हसल्या आणि म्हणाल्या काही होत नाही. त्या हसण्याने माझं समाधान झालं नाही.

उगाच_एक
धागा शंभरी गाठणार. लांबून बघतोय.

ठाम_मत
यात विचारायचं काय आहे? आधी ४१, लस, नंतर १३. डोळ्यांसमोर आहे तरी लोकांना संशोधन पाहिजे. एमएमआर अजिबात घेऊ नका, एवढंच सांगतो.

सूक्ष्मदर्शी
१४ वर्षं सीमेन लॅबमध्ये काम करतोय, तेव्हा थोडं अधिकाराने बोलतो. धागाकर्ते, आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या, लाजू नका, इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही.
दोन्ही टेस्ट एकाच लॅबमध्ये झाल्या का? दोन्ही वेळेला शेवटचं वीर्यस्खलन आणि टेस्ट यात किती दिवसांचं अंतर ठेवलं होतं? सँपल पूर्ण गोळा झालं का, काही सांडलं का? आणि दुसऱ्या टेस्टच्या आधीच्या तीन महिन्यांत ताप येऊन गेला का?

कोरा_कागद
लॅब वेगळी, पहिली लांब पडत होती म्हणून बदलली. अंतर पहिल्या वेळी ४ दिवस, दुसऱ्या वेळी... खरं सांगायचं तर एकच दिवस, मला वाटलं चालतं. सांडण्याचं म्हणाल तर हो, सुरुवातीचं थोडं बाहेर गेलं, त्या एवढ्याशा खोलीत बाहेरून कोणीतरी दार वाजवत होतं, डबीचं झाकण हातात, काय सांगू. काउंटरवर सांगितलं नाही कारण थोडंसंच तर होतं. ताप आला होता, लशीचा नाही, त्याच्या बराच आधी, टेस्टच्या दीडएक महिना अगोदर व्हायरल झालं होतं, चार दिवस १०३ च्या खाली उतरत नव्हता. पण त्याचा इथे काय संबंध?

सूक्ष्मदर्शी
संबंध आहे, आणि तोच सगळा संबंध आहे. जरा निवांत लिहितो.

शुक्राणू रोज सकाळी ताजे बनत नाहीत. वृषणात मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, मग तो एपिडिडिमिस नावाच्या वेटोळ्या नळीतून आठवडा दोन आठवडे सरकत पुढे येतो, तिथेच तो पोहायला शिकतो म्हणा. म्हणजे आज डबीत जे पडलं त्याची सुरुवात जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी झालेली असते. तुम्ही लस घेतलीत त्या दिवशी, ९ दिवसांनी डबीत येणारे शुक्राणू वृषणातून तयार होऊन निघालेले होते किंवा निघायच्या बेतात होते. तेव्हा १३ चा आकडा लशीच्या खात्यावर टाकायला तारखाच जुळत नाहीत.

आता त्या तापाकडे बघा. वृषणं शरीराबाहेर पिशवीत लोंबतात ती उगाच नाही, त्यांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान लागतं. चार दिवस १०३ म्हणजे कारखान्याला आतून आग. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००३ मध्ये २७ निरोगी पुरुषांचे नमुने दीड वर्षाच्या आसपास सलग तपासून हेच पाहिलं होतं, ताप येऊन गेला की त्या वेळी जे शुक्राणू अर्धवट घडत होते त्यांची संख्या पुढे एक तृतीयांशाच्या आसपास पडलेली दिसली. ताप गेल्यावर लगेच टेस्ट केली असती तर काउंट बहुधा चांगलाच आला असता, गंमत ही की दीड महिन्याने पडतो आणि तोवर माणूस ताप विसरून गेलेला असतो. मग मधे जे काही आठवणीत ताजं असेल त्यावर खापर फुटतं. तुमच्या बाबतीत ते लशीवर फुटलं.

आणि ते सांडलेलं "थोडंसं". वीर्याचा पहिला भाग असतो ना, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात, नंतर येतो तो बहुतेक द्रवच. तुम्ही नेमकी मलई बाहेर टाकलीत. अंतर २ ते ७ दिवस ठेवायचं असतं, तुम्ही एक ठेवलंत. लॅब बदलली, मोजणारा हात बदलला. या रिपोर्टला मी असतो तर वर लाल पेनने "अपूर्ण नमुना" लिहून परत बोलावलं असतं.

ठाम_मत
छान गोष्ट सांगितलीत. पण इस्रायलच्या अभ्यासाबद्दल गप्प का? तिथे स्पर्म डोनर लोकांमध्येच लशीनंतर काउंट पडला असं छापून आलंय, हे तर व्हॉट्सॲप नाही ना?

सूक्ष्मदर्शी
नाही, तो खरा अभ्यास आहे आणि तुम्ही तो काढलात हे बरं झालं. २०२२ साली आला, ३७ डोनर, २१६ नमुने, फायझरची कोविड लस. लशीनंतर ७५ ते १२५ दिवसांच्या टप्प्यात कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे आपण काउंट म्हणतोय तेच, १५ टक्क्यांच्या आसपास आणि एकूण हलणारे शुक्राणू २२ टक्क्यांच्या आसपास खाली आले. व्हिडिओवाले इथे थांबतात. त्याच पेपरात पुढे लिहिलंय की सुमारे ५ महिन्यांनंतरच्या नमुन्यांत ते परत वर आले. लेखकांचा अंदाजही शरीरभर उठलेल्या प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेवरच होता. आणि १५ टक्के म्हणजे किती ते पण बघा, ४१ चे ३५ होतात, १३ नाही. एकाच माणसाचा काउंट काहीही न करता याहून जास्त वरखाली होतो, मी रोज बघतो.

धांदरट
मायामीचा पण एक होता ना? त्यात तर काउंट वाढला होता म्हणे, मग लस घ्या आणि बाप व्हा अशी जाहिरात करायला हरकत नाही :ड

सूक्ष्मदर्शी
हरकत आहे. २०२१ चा मायामी विद्यापीठाचा अभ्यास, ४५ पुरुष, फायझर किंवा मॉडर्ना, पहिल्या डोसच्या आधी एक नमुना आणि दुसऱ्या डोसनंतर ७० दिवसांच्या सुमारास दुसरा. सगळ्यांच्या काउंटमधला मधला आकडा (मीडियन) २६ मिलियनवरून ३० झाला. आधी काउंट कमी असलेले ८ जण होते त्यातले ७ नॉर्मलमध्ये आले. पण लस न घेतलेला गट तुलनेला नव्हताच, आणि ज्यांचा आकडा एकदा फार कमी लागतो त्यांचा पुढच्या वेळी बहुतेक वरच लागतो, लस असो नसो. म्हणून त्यातून एवढंच घ्यायचं की पडला नाही. वाढवते म्हणणारा आणि जाळते म्हणणारा, दोघांची खोड एकच.

रात्रपाळी
गालगुंडांवर कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो, आठवलं तरी अजून अंग चोरतो मी.

१९ वर्षांचा होतो. हॉस्टेलमध्ये दोघातिघांना गालगुंड झाले, मला पण झाले, चेहरा भोपळ्यासारखा, पोरं हसली, मी पण हसलो. साताठ दिवसांनी गाल उतरत आले तसा परत थंडी वाजून ताप आणि एका बाजूचं वृषण सुजून डबल झालं. चादरीचा स्पर्श सहन होत नव्हता. उताणा पडून खाली टॉवेलची गुंडाळी ठेवून आधार द्यायचा, असे पाच दिवस काढले. सूज गेली पण पुढच्या काही महिन्यांत ती बाजू बारीक होत गेली, आज ती दुसरीच्या निम्मी आहे. मला नशिबाने दुसरी बाजू शाबूत राहिली, दोन मुलं आहेत, पण लग्नाआधी ते घरच्यांना सांगायचं का नाही या विचारात वर्ष गेलं. एमएमआरचा एक डोस म्हणे तेव्हा राहून गेला होता. लशीने बीज जळतं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या चादरीखाली झोपून बघावं.

टीपकागद
रात्रपाळी, बापरे. हे लिहिल्याबद्दल आभार.
थोडी माहिती जोडते. वयात आल्यावर गालगुंड झाले आणि लस नसली तर साधारण दर चार पुरुषांमागे एकाला वृषणदाह होतो असं धरून चाला, बहुतेकांना एकाच बाजूला. त्यातल्या बऱ्याच जणांची ती बाजू थोडीफार आक्रसते. दोन्ही बाजू पूर्ण निकामी होऊन कायमचं वंध्यत्व येणं मात्र विरळा. ब्रिटनमध्ये एमएमआर १९८८ मध्ये सुरू झाली, त्याच्या जरा आधी जन्मलेली बरीच मुलं धड लशीत सापडली नाहीत आणि धड लहानपणी आजारातही नाही, मग २००४-०५ मध्ये कॉलेजांत गालगुंडांची मोठी साथ आली, अगदी ज्या वयात हे दुखणं महागात पडतं त्या वयात.

अवांतर: या लशीची गोष्ट गोड आहे. मॉरिस हिलमन नावाच्या शास्त्रज्ञाच्या ५ वर्षांच्या मुलीला, जेरिल लिनला, १९६३ मध्ये गालगुंड झाले, त्याने तिच्याच घशातून नमुना घेतला आणि त्यातून १९६७ पर्यंत लस तयार केली. तो विषाणूचा वाण आजही तिच्याच नावाने ओळखतात.

उगाच_एक
पोरगी आजारी आणि बाप कापूस घेऊन घशात. शास्त्रज्ञाच्या पोटी जन्माला येऊ नये.

ठाम_मत
बरं गालगुंडाचं मान्य करू एक वेळ. पण आग असल्याशिवाय धूर येत नाही. जगभर लोक एकच गोष्ट का बोलतायत की लशीने मर्दानगी जाते?

टीपकागद
कारण जगभर लोकांना एकच भीती आहे म्हणून. २००३ मध्ये नायजेरियाच्या कानो राज्यात पोलिओचे डोस थांबवले, त्यात मूल न होण्याचं औषध मिसळलंय म्हणून. जवळजवळ वर्षभर बंद. शेवटी इंडोनेशियात बनलेली लस आणली तेव्हा तिथले नेते राजी झाले, पण तोवर तिथला विषाणू पोलिओ संपलेल्या कितीतरी देशांत जाऊन पोचला. मुलं लुळी झाली ती खरी, वंध्य कोणी झालं नाही.
आणि तो धूर कुठून येतो ते २०२१ मध्ये सगळ्यांनीच बघितलं की. निकी मिनाज या गायिकेने ट्वीट टाकलं, त्रिनिदादमधल्या चुलतभावाच्या मित्राचं लशीनंतर वृषण सुजलं आणि लग्न मोडलं. त्रिनिदादच्या आरोग्यमंत्र्यांना सगळी शोधाशोध करून पत्रकार परिषदेत सांगावं लागलं की असा एकही माणूस सापडला नाही. चुलतभावाचा मित्र हा प्राणी सगळ्या देशांत असतो.

शिवाय "मर्दानगी" म्हणताना तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात घालताय. ताठरता न येणं वेगळं आणि मूल न होणं वेगळं. काउंट शून्य असलेल्या माणसाचं बाकी सगळं व्यवस्थित असू शकतं आणि त्याला स्वतःला पत्ताही नसतो. आपल्याकडे शिवी एकच असल्यामुळे हा घोळ होतो आणि मग पुरुष टेस्टलाच जात नाहीत.

मोरपंखी
टीपकागद +१. या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचंय, जरा कडू लागेल.
आमच्याकडे माझ्या दोन वर्षं तपासण्या झाल्या. हार्मोन्स, सोनोग्राफी, ती डाय टाकून नळ्या बघतात ती टेस्ट, त्या टेबलावर मी काय विव्हळले मला माहिती. नवऱ्याला एका डबीसाठी अर्धा तास जायचं होतं तर सहा महिने "पुढच्या आठवड्यात" चाललं. गेला तेव्हा कळलं व्हेरिकोसील आहे, म्हणजे वृषणाकडच्या शिरा फुगलेल्या. मूल न होण्याच्या केसेसमध्ये निम्म्याच्या आसपास पुरुषाच्या बाजूने काहीतरी असतंच, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. कोरा_कागद, तुमच्या पोस्टमध्ये "तुमचं ठीक आहे, मग सगळी धावपळ बायकोची" हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही दुसऱ्यांदा टेस्टला गेलात आणि रिपोर्ट लपवला नाहीत म्हणून राग गिळला.

कोरा_कागद
मोरपंखी ताई, बरोबर आहे. बायकोने पण हा धागा वाचलाय, तुमच्या पोस्टवर बोट ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं.

सूक्ष्मदर्शी, दोन गोष्टी विचारतो. एमएमआर जिवंत विषाणूची लस आहे असं वाचलं, ती घेतल्यावर मी किती दिवस थांबायचं? आणि लशीनेच ताप आला तर? तोही तापच ना?

सूक्ष्मदर्शी
प्रश्न रास्त आहे. हो, लशीने ताप आला तर तत्त्वतः तोही तापच. कोविड लशीच्या वेळी अमेरिकेतल्या पुरुष प्रजननाच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी जानेवारी २०२१ मध्येच हे उघड लिहिलं होतं, फायझरच्या चाचणीत दुसऱ्या डोसनंतर १६ टक्क्यांच्या आसपास पुरुषांना ताप आला, त्यामुळे काउंट तात्पुरता कमी होऊ शकतो, इतर कुठल्याही तापात होतो तसा. आणि तरीही मूल हवं असणाऱ्यांना लस द्यावी असंच त्यांनी म्हटलं. कारण हिशोब साधा आहे, लशीचा ताप एखादा दिवस, खुद्द आजाराचा आठवडाभर आणि जास्त चढा. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या आणि पुढची टेस्ट तीन महिन्यांनी करा.

थांबायचं तुम्हाला काही नाही. एमएमआरनंतर गर्भ राहू द्यायचा नाही तो बायकोच्या बाजूने, निदान ४ आठवडे. पुरुषाला तशी अट नाही. फ्लूची इंजेक्शनवाली लस तर जिवंत नसतेच, तिचा आणि एमएमआरचा एकमेकांशी अंतराचा प्रश्नही येत नाही.

धांदरट
मुळात काउंट राहू दे, मुलं राहतायत का ते बघितलंय का कोणी? शेवटी पाहिजे ते तेच.

टीपकागद
बघितलंय. बोस्टन विद्यापीठाने अमेरिका आणि कॅनडातल्या मूल हवं असणाऱ्या २१२६ बायका आणि त्यांच्या जोडीदारांची माहिती महिनोन्‌महिने घेतली, २०२२ च्या सुरुवातीला छापून आलं. कोविडची लस बाईने घेतलेली असो वा पुरुषाने, दर महिन्याला दिवस जाण्याच्या शक्यतेत फरक दिसला नाही. ज्या पुरुषांना गेल्या ६० दिवसांत खुद्द कोविड झाला होता त्यांच्यात मात्र ती शक्यता १८ टक्क्यांनी कमी दिसली, ६० दिवस उलटल्यावर परत बरोबरीत. असे पुरुष संख्येने कमी होते म्हणून १८ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका, पण दिशा बघा. आणि ते ६० दिवस सूक्ष्मदर्शींच्या कारखान्याच्या वेळापत्रकाशी कसे जुळतात तेही बघा.

ठाम_मत
मला पटलेलं नाही. पण चर्चा सभ्य झाली म्हणून आभार.

कोरा_कागद
(धागा वर आणतोय, साडेतीन महिन्यांनी.)
दोघांनी एमएमआर घेतली. मला ताप आला नाही, दंड दोन दिवस दुखला. बायकोचे चार आठवडे कधीच झाले. परवा पहिल्याच लॅबमध्ये परत टेस्ट केली, ३ दिवसांचं अंतर ठेवून, आणि या वेळी आत जायच्या आधी काउंटरवरच्या मुलाला सांगून गेलो की कोणी दार वाजवायचं नाही. तो गालातल्या गालात हसला. काउंट ३६, मोटिलिटी ५१.
भावाला रिपोर्ट पाठवला. त्याचा रिप्लाय आला, "लशीचा असर उतरला असेल."

सूक्ष्मदर्शी
अभिनंदन. ३६ आणि ४१ मध्ये फरक आहे असं समजू नका, दोन्ही एकच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची रेषा १६ ची आहे, तुम्ही आरामात वर आहात. भावाला म्हणावं, असर उतरलाच असेल तर तो तापाचा.

मोरपंखी
दार न वाजवण्याची पाटीच लावा म्हणावं त्या लॅबला. बायकोला शुभेच्छा सांगा.

उगाच_एक
सूक्ष्मदर्शी, एक विचारू का, टिंगल नाही. मला पण गालगुंड झालेले आठवत नाहीत आणि घरी लशीचं कार्ड वगैरे काही सापडत नाही. या वयात एमएमआर घेतली तर चालते का?

सूक्ष्मदर्शी
चालते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू नसतील तर. आधी झाले असतील तरी घेतल्याने नुकसान नाही. वय किती?

उगाच_एक
३८. आम्ही पण दोन वर्षं झाली मुलाची वाट बघतोय. टेस्टला अजून गेलो नाही मी.

सूक्ष्मदर्शी
व्यनि (खाजगी निरोप) करतो.